चिखलावर पेटणारा दिवा: किट घ्या, पुस्तिका फेका

मी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं काम करतो. जीवशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की धाकटी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मला समोर बसवून मोठ्यानं पाठांतर करते. ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र, इलेक्ट्रॉन वाहतूक साखळी ही नावं अशी माझ्या कानावरून गेली आहेत. तिच्या वहीतला तो बाणांचा नकाशा मला कुणीतरी घाईत काढलेल्या सर्किटसारखा वाटायचा. बाण सगळीकडे होते, व्होल्टेज कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून हे किट मागवलं. 'गाळातल्या जिवाणूंपासून वीज' असं खोक्यावर लिहिलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत, आणि अशी किटं थोड्याफार फरकानं सारखीच असतात.

खोक्यात काय आलं ते आधी. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची बरणी, घट्ट रबरी वॉशरचं झाकण, कार्बन फेल्टच्या दोन गोल चकत्या, त्यांना जोडलेल्या वायरी, छोटं पीसीबी म्हणजे सर्किट बोर्ड, त्यावर कपॅसिटर आणि लाल एलईडी. शिवाय हातमोजे, साखरेचं पाकीट, 'सक्रिय जिवाणू पूड' असं लिहिलेलं दुसरं पाकीट आणि २४ पानांची पुस्तिका. फेल्ट उत्तम आहे, बोर्डाचं सोल्डरिंगही स्वच्छ आहे. वायरींबद्दल पुढे बोलतो.

जोडणी पोरखेळ आहे. तळ्याच्या काठचा काळपट गाळ आणायचा, खडे काढायचे, बरणीत तळाशी थोडा भरायचा, त्यावर एक चकती ठेवायची, वरून आणखी गाळ थापायचा आणि दुसरी चकती सगळ्यात वर, हवेला लागून ठेवायची. खालची चकती ऑक्सिजनविना राहते, वरचीला तो मिळतो. एवढंच. मध्ये हवेचे बुडबुडे राहू देऊ नका. पहिल्या वेळी मी आळस केला आणि सगळं पुन्हा उपसावं लागलं.

पहिल्या दिवशी मल्टिमीटरवर ०.०६ व्होल्ट. चौथ्या दिवशी ०.३१. सहाव्या दिवशी रात्री दिवा पहिल्यांदा लुकलुकला आणि मी धाकटीला झोपेतून उठवलं. नवव्या दिवसापासून ओपन सर्किटला, म्हणजे काहीही न जोडता, ०.७ व्होल्टच्या आसपास आकडा थांबला.

आता दुरुस्तीवाल्या माणसाच्या डोक्यात पहिला किडा येतो तो हा, की हे खरंच जिवाणू करतायत की कुठलातरी धातू गंजतोय? दोन वेगळे धातू ओल्या मातीत खुपसले तरी व्होल्टेज येतं, त्यात जिवाणूंचं काही कर्तृत्व नसतं. पुस्तिकेत ही शंका घेतलेलीच नाही. म्हणून सुट्या भागांचा दुसरा संच मागवला, तोच गाळ तासभर उकळला, गार केला आणि दुसऱ्या बरणीत तसाच भरला. आठवडाभर तिथे ०.०५ च्या वर आकडा गेला नाही. म्हणजे जे काही होतं ते जिवंत होतं. नवव्या दिवसापासून मात्र उकळलेली बरणीही हळूहळू चढायला लागली. धाकटी हसली. काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत, म्हणाली. तेव्हा माझी तुलना पहिल्या आठवड्यापुरतीच धरा. वायरींचा मुद्दाही इथलाच. वरच्या चकतीची वायर तांब्याची निघाली, ती महिन्याभरात हिरवी पडली. तांबं जिवाणूंना मानवत नाही आणि गंजताना स्वतःचं व्होल्टेज मिसळतं ते वेगळंच. मी स्टेनलेस तार लावली. कंपनीनं हे आधीच करायला हवं होतं.

एक हजार ओहमचा लोड लावला की व्होल्टेज ०.७ वरून ०.२५ वर बसतं. म्हणजे पाव मिलिअँपिअर करंट आणि साधारण ६२ मायक्रोवॅट. आतला रोध हिशेबानं १८०० ओहम येतो. एवढ्यात मोबाइल चार्ज होईल अशा भ्रमात कुणी घेणार असेल तर घेऊ नका. लाल एलईडीला सुमारे १.८ व्होल्ट लागतात, ते चिखलातून थेट मिळत नाहीत. बोर्ड थेंबथेंब करंट कपॅसिटरमध्ये साठवतो, व्होल्टेज वर चढवतो आणि एका झटक्यात दिव्यात ओततो. म्हणून तो जळत नाही, लुकलुकतो.

हे मी धाकटीला समजावत होतो तेव्हा ती एकदम म्हणाली, "बाबा, पेशी नेमकं हेच करते." आणि मग वही काढून तिनं मला जे दाखवलं, त्यासाठी खरं तर मी हा रिव्ह्यू लिहितोय.

जिवाणू अन्नातून इलेक्ट्रॉन काढतो. ते पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्या पातळ आवरणात, बसवलेल्या प्रथिनांच्या साखळीतून पायरी पायरीनं खाली उतरतात, आणि उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्यावर प्रोटॉन पटलाबाहेर ढकलले जातात. बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी. म्हणजे चक्क चार्ज झालेला कपॅसिटर. दीडशे ते दोनशे मिलिव्होल्टचा. ऐकायला काहीच नाही, पण पटलाची जाडी पाच नॅनोमीटरच्या घरात आहे. मी गणित केलं तर सेंटिमीटरला ३ लाख व्होल्ट येतात. एवढा ताण ते इवलंसं पटल सहन करतं. मग हे प्रोटॉन एका फिरत्या एन्झाइममधून आत परत येतात, ते एन्झाइम खरोखर चक्रासारखं गरगर फिरतं आणि एका फेरीत एटीपीचे, म्हणजे पेशीतली कामं ज्या ऊर्जेवर चालतात ती वाहणारे, तीन रेणू घडवतं. जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली आणि १९७८ मध्ये तिला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. धाकटीच्या वर्गात एटीपीला 'पेशीचं चलन' म्हणतात. मला ते कधी पटलं नाही, चलन साठवून ठेवता येतं. एटीपी म्हणजे कपॅसिटरनंतरचा तो झटका, तयार झाला की लगेच वापरायचा.

२४ पानांत यातलं एक अक्षर नाही. तिथे लिहिलंय, 'जिवाणू साखर खातात आणि वीज तयार करतात.' वीज कोणी तयार करत नाही. इलेक्ट्रॉन आधीच साखरेत असतात, प्रश्न फक्त ते कुठे उतरवायचे हा असतो.

धाकटीनं एक शिडी काढून दिली, ती मी झाकणावर चिकटवली आहे. वरून सोडलेला इलेक्ट्रॉन जितका खोल जाईल तितकी कमाई. व्होल्टच्या भाषेत ग्लुकोज साधारण उणे ०.४३ वर, अ‍ॅसिटेट (व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप) उणे ०.२८ वर. उतरायच्या जागा म्हणजे ऑक्सिजन अधिक ०.८२, नायट्रेट अधिक ०.४२, सल्फेट उणे ०.२२, आणि कार्बन डायऑक्साइडचं मिथेन करायचं तर उणे ०.२४. अ‍ॅसिटेटवरून ऑक्सिजनवर उडी मारणाऱ्याला १.१ व्होल्टची घसरण मिळते. सल्फेटवर उतरणाऱ्याला जेमतेम ०.०६. तरी तो जगतो! गाळात वरच्या काही मिलिमीटरमध्येच ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेटवाले, मग लोखंडाच्या गंजावर इलेक्ट्रॉन टाकणारे, मग सल्फेटवाले, आणि अगदी तळाशी मिथेनवाले. बरणीत हे थर उघड्या डोळ्यांनी दिसतात. सल्फेटवाल्यांच्या वस्तीत गाळ काळाकुट्ट पडतो, कारण त्यांच्या हायड्रोजन सल्फाइडची लोखंडाशी गाठ पडून आयर्न सल्फाइड होतं. झाकण उघडलं की वास येतो तो याच मंडळींचा.

माझी खालची चकती म्हणजे या शिडीवर आपण बाहेरून घुसवलेली एक पायरी आहे. जिओबॅक्टर नावाचा जिवाणू एरवी गंजावर इलेक्ट्रॉन टाकतो, म्हणजे पेशीबाहेरच्या घन वस्तूवर. त्याला कार्बनची चकती मिळाली की तो तिलाच गंज समजून श्वास सोडतो. इलेक्ट्रॉन वायरीतून वर जातात आणि वरच्या चकतीवर ऑक्सिजनला भेटतात. जिवाणू अगदी छोटी घसरण स्वतःकडे ठेवतो, उरलेली मोठी घसरण आपल्या वाट्याला येते. मग १.१ ऐवजी ०.७ च का? धाकटीच्या मते बरीच गळती वरच्या चकतीवर होते, साध्या कार्बनवर ऑक्सिजन सहजासहजी इलेक्ट्रॉन घेत नाही.

या जिवाणूच्या वायरिंगबद्दल पुस्तिकेत अर्धं पान आहे आणि तेही जुनं. 'जिवाणूंचे केस वीज वाहून नेतात' असं तिथे ठामपणे छापलंय. २००५ मध्ये तशी मांडणी झाली होती खरी. पण २०१९ मध्ये या तंतूंची रचना बारकाईनं पाहिली गेली तेव्हा ते केस नसून इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या सायटोक्रोम प्रथिनांची एकावर एक रचलेली माळ निघाली. माळेच्या प्रत्येक मण्यात हीम नावाचे सहा छोटे रेणू, प्रत्येक हीममध्ये लोखंडाचा एक अणू. वाद अजून पुरता मिटलेला नाही, असं धाकटी म्हणते. मला मात्र ती माळ फार आवडली. पेशीच्या कित्येक पट लांब, लोखंडाच्या अणूवरून अणूवर उडी मारत जाणारी वायर, आणि इन्सुलेशन प्रथिनाचं. शिवानेला नावाचा दुसरा जिवाणू आहे, तो वायर टाकण्याबरोबरच फ्लेविनचे छोटे रेणू पाण्यात सोडतो. ते चकतीपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवतात आणि रिकामे होऊन परत येतात.

पुस्तिकेचा आणखी एक दावा असा, की हे तंत्रज्ञान एकविसाव्या शतकातलं आहे. इंग्लंडमधल्या डरहॅममध्ये मायकेल पॉटर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९११ मध्येच यीस्ट आणि जिवाणूंच्या द्रवात इलेक्ट्रोड बुडवून व्होल्टेज मोजलं होतं.

आता मुख्य तक्रार. पुस्तिका म्हणते, 'दिवा मंद झाल्यास साखरेचं पूर्ण पाकीट घाला.' सोळाव्या दिवशी लुकलुक जरा सावकाश वाटली म्हणून मी घातलं. धाकटी घरी नव्हती. दोन दिवसांत गाळाला भेगा, फेस, वरची चकती एका बाजूनं उचललेली, ओपन सर्किट ०.७ वरून ०.३ वर आणि दिवा बंद. झाकण घट्ट लावलेलं होतं, ते उघडलं तेव्हा फस्स करून गॅस बाहेर आला. ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, 'सक्रिय जिवाणू पूड घाला.' एवढंच. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य पुन्हा.

धाकटी आली, लिटमस नव्हे तो दुसरा पीएच कागद तिनं बुडवला, आकडा ५ च्या खाली. "बाबा, तू आंबवणाऱ्यांना जेवण घातलंस." मग वही पुन्हा उघडली.

साखर समोर आली की जिओबॅक्टरच्या आधी आंबवणारे जिवाणू तुटून पडतात. त्यांच्याजवळ उतरायला शिडीच नसते. ग्लुकोजचा एक रेणू फोडून पायरुवेटचे दोन होतात, त्यात निव्वळ दोन एटीपी हाती लागतात आणि काढलेले इलेक्ट्रॉन एनएडी नावाच्या वाहकावर चढतात. हा वाहक पेशीत मोजकाच. तो रिकामा केला नाही तर दहा-पंधरा पायऱ्यांचा सगळा कारखाना जागच्या जागी थांबतो. ऑक्सिजन नाही, नायट्रेट नाही, चकतीही जमत नाही. मग आंबवणारा जिवाणू ते इलेक्ट्रॉन परत पायरुवेटवरच लादतो आणि जे बनेल ते पेशीबाहेर फेकतो, लॅक्टिक आम्ल, अल्कोहोल, ब्युटिरिक आम्ल, हायड्रोजन. म्हणजे अन्नातली बहुतेक ऊर्जा खरकट्यातच बाहेर जाते. कमाई थोडी, म्हणून वेग प्रचंड. जमेल तितकी साखर, जमेल तितक्या लवकर. माझ्या बरणीतला फेस आणि आंबटपणा हाच. त्या आम्लात जिओबॅक्टर गारठला, आणि वरच्या पाण्यात साखर उतरल्यानं तिथल्या जिवाणूंनी ऑक्सिजन फस्त केला, त्यामुळे वरची चकतीही उपाशी.

ऑक्सिजन मिळाला असता तर त्याच ग्लुकोजमधून किती एटीपी निघाले असते? पुस्तिकेत उत्तर आहे ३८. कागदावर ठीक. पण प्रत्येक जिवाणूची साखळी सारखी नसते. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूच्या साखळीत आपल्या पेशींत असतो तो मधला एक पंपच नाही, त्यामुळे त्याची कमाई बरीच कमी पडते. काही जिवाणू तर ग्लायकोलिसिसचा रस्ता न धरता एंटनर-डौडोरॉफ मार्गानं जातात, तिथे ग्लुकोजमागे निव्वळ एकच एटीपी. मी विचारलं, मग तोट्याचा रस्ता कशाला? म्हणाली, त्या रस्त्याला एन्झाइम कमी बनवावी लागतात. हे मला लगेच समजलं. स्वस्त बोर्ड, कमी कार्यक्षमता, पण पटकन तयार.

उपाय साधा होता. वरचं आंबट पाणी ओतून टाकलं, उभं ठेवलेलं साधं पाणी घातलं, भेगा दाबल्या, चकती नीट बसवली, आणि जिवाणू पूड मुद्दाम न घालता थांबलो. अकरा दिवस काही नाही. बाराव्या दिवशी दिवा परत. आणि पुढचा आठवडाभर हजार ओहमवर ०.३० व्होल्ट, म्हणजे ९० मायक्रोवॅट, आधीपेक्षा दीडपट! आंबवणाऱ्यांनी टाकलेली आम्लं पुढे अ‍ॅसिटेट होऊन जिओबॅक्टरच्या पानात पडली होती. एकाचं खरकटं हेच दुसऱ्याचं जेवण, आणि चकतीवरचा जिवाणू साखरेला हातही न लावता साखरेवरच जगत होता. पुस्तिकेतलं 'साखर खातात आणि वीज करतात' किती चुकीचं आहे ते मला तेव्हा कळलं.

साखरेचं प्रमाण किती असावं याचा मी हिशेब केला, कारण पुस्तिकेत तो नाही. ग्लुकोजच्या एका रेणूतून २४ इलेक्ट्रॉन निघू शकतात. एक ग्रॅम ग्लुकोजमधले सगळेच्या सगळे वायरीतून गेले, तर पाव मिलिअँपिअरचा करंट ५९५ दिवस चालेल. प्रत्यक्षात बराच वाटा मिथेनवाले, सल्फेटवाले आणि पेशींची स्वतःची वाढ खाऊन टाकते, पण तरीही चिमूटभर पुरे, आणि तीही महिन्याकाठी. पाकिटात ५० ग्रॅम होती.

जिवाणू पुडीबद्दल: ते पाकीट मी उघडलेलंच नाही. गाळात हवे ते सगळे आधीच असतात, फक्त त्यांना जागा बदलायला वेळ लागतो. पहिले पाच-सहा दिवस दिवा लागत नाही तो यामुळे.

झाकणाबद्दल: सगळ्यात गंभीर दोष हाच. आत गॅस तयार होणार हे माहीत असताना हवाबंद झाकण देणं मला समजत नाही. शिवाय वरच्या चकतीला हवा हवीच असते. मी ड्रिलनं तीन भोकं पाडली.

प्रयोग संपल्यावरही बरणी फेकवली नाही, खिडकीत ठेवली. दोन महिन्यांत उजेडाच्या बाजूला वर हिरवा थर, त्याखाली एक जांभळट पट्टा. हिरवे पाणी फोडून इलेक्ट्रॉन घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. जांभळे उजेडावरच चालतात, पण इलेक्ट्रॉन पाण्याऐवजी त्या वास मारणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडमधून घेतात. गाळाच्या तोंडावर मध्येच एक पांढरी बुरशीसारखी साय दिसते. धाकटीला वाटतं ती बेजियाटोआ असावी. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी याच जिवाणूवर १८८७ मध्ये दाखवलं, की निव्वळ हायड्रोजन सल्फाइड जाळूनही जगता येतं, सेंद्रिय अन्न किंवा उजेड काहीही न लागता. अशा उभ्या गाळाच्या स्तंभाला त्यांचंच नाव आहे. पुस्तिकेत तेही नाही, पण आता त्या पुस्तिकेबद्दल आणखी लिहिण्यात अर्थ नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. फेल्ट आणि बोर्डाला पूर्ण पाच, पुस्तिका, वायर आणि झाकणानं दीड घालवला. मल्टिमीटर नसेल तर घेऊ नका, नुसता लुकलुकणारा दिवा चार दिवसांत कंटाळवाणा होतो, आकडे पाहण्यातच मजा आहे. लहान मुलं करणार असतील तर साखरेचं पाकीट आधी लपवा. आणि पहिल्या दिवशीच झाकणाला भोकं पाडा, गाळ भरल्यावर ड्रिल चालवलं की प्लॅस्टिकचा चुरा आत पडतो, तो काढता काढता माझी अर्धी सकाळ गेली.